सांगाड्यावरचा मक्ता

संभाजीनगरहून पैठणला जाणाऱ्या रस्त्यावर, बिडकीनच्या शिवारात, ७,८५५ एकरांची औद्योगिक वसाहत उभी राहत असून, २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते तिचे राष्ट्रार्पण झाले. तेव्हापासून या पंचक्रोशीतील मुलामुलींच्या भवितव्याची चर्चा मोटारींच्या आणि विजेवरच्या दुचाकींच्या कारखान्यांभोवतीच घोटाळत राहावी, हे स्वाभाविक आहे. परंतु ज्या उद्योगाला ना शिवार लागते ना धुराडे, त्या ॲनिमेशनच्या उद्योगासाठीही राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतंत्र धोरण मंजूर केले असून, २०५० पर्यंतच्या काळासाठी ३,२६८ कोटी रुपयांची तजवीज त्यात केली आहे. या धोरणाचे स्वागत करताना, वरवर केवळ तांत्रिक वाटणाऱ्या, पण ज्याच्या उत्तरावर या पैशाचे अंतिम फळ अवलंबून आहे, अशा एका प्रश्नाकडे लक्ष वेधणे अगत्याचे वाटते. तो प्रश्न असा की, संगणकावर घडवलेल्या पात्राच्या अंगात जो सांगाडा घातला जातो, त्याच्यावर सत्ता कोणाची? तो बांधणाऱ्या कारागिराची, की ज्या सॉफ्टवेअरमध्ये तो बांधला गेला त्याच्या कंपनीची?

या सांगाड्याला धंद्यात ‘रिग’ म्हणतात आणि तो बांधणाऱ्यास रिगर. पात्राचे बाह्यरूप घडले म्हणजे ते हलू लागते असे नाही. त्याच्या आत हाडे आणि सांधे बसवावे लागतात, त्वचेवरील प्रत्येक बिंदूने कोणत्या हाडाचे किती ऐकायचे हे ठरवावे लागते, आणि या सर्वांवर, चित्रकाराला सुलभपणे हाताळता येतील अशी नियंत्रणे चढवावी लागतात. कोपराजवळच्या एखाद्या बिंदूने दंडाच्या हाडाचे साठ टक्के आणि पुढच्या हाडाचे चाळीस टक्के ऐकावे, असे हे वाटप असते, व ते चुकले की हात वाकताच कोपराची आतली बाजू बसून जाते, आणि मनगट फिरवताच सबंध पुढचा हात पिळवटून निघतो. पाऊल जमिनीवर रोवून ठेवले असता गुडघ्याने आपोआप वाकावे, भुवई उचलली असता कपाळावर आठी उमटावी, अशा शेकडो नियमांचे हे दफ्तर बांधण्यात कुशल रिगरचे आठवड्यांमागून आठवडे जातात; आणि तरीही पडद्यावर त्याच्या कामाचा मागमूस दिसत नाही, कारण न दिसणे हेच त्या कामाचे यश असते.

आता हेच पात्र एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायचे झाले, तर काय होते ते पाहावे. ब्लेंडर या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये बांधलेले पात्र एफबीएक्स नावाच्या फाइलमधून ऑटोडेस्क कंपनीच्या माया या सॉफ्टवेअरमध्ये उतरवले, की एक्सपोर्टच्या वेळी एखादी खूण करायची राहून गेली असता ते शंभरपट आकाराचे होऊन येते किंवा उताणे पडलेले सापडते, कारण एकाचे माप मीटरमध्ये तर दुसऱ्याचे सेंटिमीटरमध्ये, आणि एकाची ऊर्ध्व दिशा ‘झेड’ तर दुसऱ्याची ‘वाय’. ब्लेंडरच्या हाडाला आरंभ असतो, अंत असतो, लांबी असते. मायाला ठाऊक असतो तो केवळ सांध्याचा बिंदू. म्हणून बोटांच्या अग्रांशी एकेक आगंतुक हाड चिकटून येते. हे दोष थोड्या खटपटीने निस्तरता येतात. परंतु ज्या नियंत्रणांसाठी आठवडे खर्ची पडले, ती पायांची, पाठीच्या कण्याची आणि चेहऱ्याची सर्व नियंत्रणे वाटेतच गळून पडतात, आणि पलीकडे पोहोचते ते केवळ हाडांचे जाळे व त्यावर ताणलेली कातडी.

या दुरवस्थेची कारणे काही गणिती आहेत, काही व्यापारी. प्रत्येक सॉफ्टवेअर हालचालीचा हिशेब आपापल्या रीतीने करते, हे मान्यच आहे. पण ज्या एफबीएक्सवर सारी देवघेव चालते, ते केडारा कंपनीच्या फिल्मबॉक्स या सॉफ्टवेअरचे अपत्य असून, २००६ पासून ऑटोडेस्कच्या मालकीचे आहे, आणि त्याची अंतर्गत रचना खुली नसल्यामुळे ब्लेंडरच्या कर्त्यांना ती उलगडून उलगडून समजून घ्यावी लागली. त्याच ऑटोडेस्कने २००८ मध्ये सॉफ्टइमेज हे सॉफ्टवेअर विकत घेतले आणि २०१४ मध्ये ते बंद करण्याची घोषणा केली. तेव्हा जगभरातील ज्या रिगरांनी त्यात वर्षानुवर्षे सांगाडे बांधले होते, त्यांची मिरास एका व्यापारी निर्णयासरशी खालसा झाली.

दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ हा ॲनिमेशनपट केला, तेव्हा कारागिराची विद्या त्याच्या बोटांत होती, आणि तो ज्या दारी जाई तेथे ती त्याच्याबरोबर जाई. आज त्या विद्येचा मोठा अंश फाइलमध्ये उतरतो, आणि फाइल उघडण्याची मुभा ज्याच्या लायसन्सवर अवलंबून, त्याचे भाडे थकले की विद्याही कुलूपबंद होते. मुंबईतील मोठ्या स्टुडिओला हा खर्च झेपतो. बिडकीनहून शहरातील क्लासला ये-जा करणाऱ्या मुलीच्या घरच्यांना तो झेपेलच असे नाही. ती ब्लेंडरवर शिकली आणि कंत्राट मायाचे आले, तर आपलेच काम तिला पुन्हा पहिल्यापासून बांधावे लागते.

मराठी माणसाला हा अनुभव सर्वस्वी नवा नाही. एका कंपनीच्या फॉन्टमध्ये अक्षरजुळणी केलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडताच निरर्थक चिन्हांचा कचरा होऊन दिसे, हा मुद्रणव्यवसायातील छळ ज्यांनी भोगला, त्यांना तो आजही विसरता येणार नाही. युनिकोड आले, तरीही केवळ त्याच्या अस्तित्वाने तो छळ थांबला नाही. शासनाने आपल्या दफ्तरांत त्याच्या वापराचा आग्रह धरला, वृत्तपत्रांनी व प्रकाशकांनी तो हळूहळू अंगीकारला, तेव्हा कोठे मराठी मजकूर एका यंत्रातून दुसऱ्यात निर्वेधपणे जाऊ लागला.

यावर जाणकारांचा आक्षेप असा की, लिपीची चिन्हे मोजकी असतात, रिगमध्ये मात्र प्रत्येक कारागिराची स्वतंत्र प्रज्ञा असते, आणि सर्वांना एकाच साच्यात बसवू गेल्यास कलाच खुंटेल. आक्षेप वजनदार आहे, आणि संपूर्ण रिग जसाच्या तसा कोठेही उघडेल, असे आश्वासन आज कोणीही प्रामाणिकपणे देऊ शकणार नाही. परंतु सर्व मिळत नाही म्हणून काहीच मागू नये, हा न्याय आपल्या कारखानदारीने कधीच मानला नाही. वाळूज आणि शेंद्रा येथे सुटे भाग पुरवणाऱ्या लघुउद्योजकाला ड्रॉइंग येते ते पुष्कळदा ‘स्टेप’ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या फाइलमध्ये. तीतून भागाचा आकार बिनचूक येतो, तो कोणत्या क्रमाने रचला गेला ते मात्र येत नाही, आणि तरीही तेवढ्यावर साचे तयार होतात. रिगच्या बाबतीतही हाडे, सांधे आणि त्वचेवरील वाटप वाहून नेणारी खुली माध्यमे सिद्ध आहेत: जीएलटीएफला २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला, आणि पिक्सारने २०१६ मध्ये खुले केलेले यूएसडी पुढे नेण्यासाठी २०२३ मध्ये स्थापन झालेल्या संघात खुद्द ऑटोडेस्कही सामील आहे. राहिला प्रश्न नियंत्रणांचा. ती उचलून नेण्यापेक्षा त्यांचा आराखडा नेऊन पलीकडे ती नव्याने उभारावीत, हा मार्ग व्यवहार्य आहे; ब्लेंडरमधील रिगिफाय आणि मायामधील एमगिअर ही साधने आराखड्यावरूनच रिग बांधतात.

म्हणून शासनाकडे मागणे असे की, सार्वजनिक निधीतून वा अनुदानातून जी पात्रे निर्माण होतील, त्यांच्या मूळ फाइलसोबत खुल्या माध्यमातील प्रत, आणि सांध्यांची नावे, अक्ष व नियंत्रणांचे नियम नमूद करणारा दस्तऐवज दाखल केल्याखेरीज शेवटचा हप्ता अदा करू नये. शासकीय प्रशिक्षणात एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरचा इजारा नसावा; लॅटव्हियाचा, ब्लेंडरवर घडलेला ‘फ्लो’ हा चित्रपट २०२५ मध्ये ऑस्करचा मानकरी ठरल्यावर, विनामूल्य साधनाला कमअस्सल मानण्याची सबब आता उरलेली नाही. आणि जी संस्था रिगिंगचे प्रमाणपत्र देते, तिने विद्यार्थ्याला एका सॉफ्टवेअरमध्ये बांधलेले पात्र दुसऱ्यात नेऊन चालवून दाखवण्याची परीक्षा द्यायला लावावी. या अटींना कोट्यवधींचा खर्च नाही, नवे महामंडळ लागत नाही; अनुदानाच्या नियमावलीत चार कलमे वाढवावी लागतील, आणि ती पहिले अनुदान वाटण्यापूर्वीच वाढवली पाहिजेत.