बॉयलरला जाण्याआधी थोडा बगॅस इकडे द्या

मा. महासंचालक,
वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, मांजरी, पुणे

उसाचा भाव, उतारा, इथेनॉल यांवरच्या पत्रांचा आपल्याकडे तोटा नसेल. माझी मागणी जरा आडवाटेची आहे: मेम्ब्रेन, म्हणजे गाळणीचे पातळ पडदे, बनवायला लागणारे द्रावक बगॅसपासून काढून पाहा.

डायलिसिसचे पोकळ तंतू असोत की आरओ मेम्ब्रेनचा आधारथर, पॉलिसल्फोनसारखे पॉलिमर आधी द्रावकात विरघळवावे लागते. प्रयोगशाळेत सपाट मेम्ब्रेन करताना काकवीसारखे दाट द्रावण काचेवर पात्याने पसरायचे आणि काच पाण्यात सोडायची. द्रावक बाहेर पडते, पाणी आत शिरते, पारदर्शक थर बघता बघता पांढरा होतो आणि त्यात छिद्रे तयार होतात. त्या द्रावणात साधारण पाचातले चार भाग द्रावकच असते आणि ते बहुतेक सगळे त्या पाण्यात उतरते. पाणी गाळणारी वस्तू घडवताना पाणीच नासवायचे, असा हा उफराटा कारभार!

शिवाय एनएमपी, डीएमएफ ही नेहमीची द्रावके गर्भाला अपायकारक मानली जातात. कामगारांचा त्यांच्याशी किती संपर्क यावा, याची मर्यादा युरोपीय संघाने एनएमपीसाठी मे २०२० पासून आणि डीएमएफसाठी डिसेंबर २०२३ पासून सक्तीची केली.

सेल्युलोजपासून मिळणारे सायरीन आणि गॅमा-व्हॅलेरोलॅक्टोन वापरून युरोपातल्या प्रयोगशाळांनी मेम्ब्रेन बनवून दाखवले आहेत. यातले दुसरे आपल्या हाताशी आहे. बगॅसमधल्या पेंटोसानपासून फुरफुरल हे रसायन निघते आणि त्यापासून टप्प्याटप्प्याने व्हॅलेरोलॅक्टोन करता येते. दक्षिण आफ्रिकेतला सेझेलाचा साखर कारखाना कित्येक वर्षे बगॅसपासून फुरफुरल काढत आला आहे. उरलेला चोथा पुन्हा जाळता येतो. त्यामुळे बगॅस जाळून वीज करणाऱ्या सहवीजवाल्यांनी लगेच दचकू नये; वाफेचा हिशेब मात्र आधीच मांडावा लागेल, कारण फुरफुरलला वाफ भरपूर लागते.

वनस्पतिजन्य म्हणजे निरुपद्रवी, असा भाबडेपणा नको. फुरफुरल स्वतः विषारी आहे. व्हॅलेरोलॅक्टोनमध्ये सगळी पॉलिमरे सारखी विरघळत नाहीत, आणि ते पाण्यात पूर्ण मिसळत असल्याने परत मिळवायचा खर्चही टळत नाही.

म्हणूनच हे काम एकट्या कारखान्याच्या आवाक्यातले नाही. पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आपल्याच शहरात आहे. दोन्ही संस्थांनी मिळून एक छोटा प्रायोगिक प्रकल्प उभारावा, त्यातल्या द्रावकाने मेम्ब्रेन बनवावा आणि सांडपाण्यासकट किलोमागचा खर्च जाहीर करावा. आकडा परवडणारा नसला, तरी तोही छापा.

आपला,
एक रसायन अभियंता