कारणाविना कपात
ज्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने कपात करताना शेवटी रुजू झालेल्यास सामान्यतः प्रथम कमी करावे, हा क्रम मोडल्यास त्याची कारणे नमूद करावीत, आणि एक महिन्याच्या नोटिशीखेरीज सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन द्यावे, असा दंडक घालून दिला, त्याची छाया माहिती-तंत्रज्ञानाच्या कचेऱ्यांवर क्वचितच पडली. कारण व्यवस्थापकीय हुद्द्याचा मनुष्य कायद्याच्या लेखी कामगारच नव्हे, आणि ज्याला राजीनामा लिहून देण्यास भाग पाडले जाते त्याची दप्तरी नोंद स्वेच्छेने गेलेला अशीच होते. २०२५ च्या जुलैत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने मुख्यत्वे मधल्या व वरच्या श्रेणींतील सुमारे १२,००० माणसे कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा आकडा तरी जगासमोर आला. परंतु जेथे आकडाही प्रकट होत नाही, तेथे कोणाला नव्या प्रकल्पावर घ्यावयाचे आणि कोणाला बेंचवर बसवून ठेवावयाचे हे पुष्कळदा मॅनेजरच्या मर्जीवर ठरते, आणि वार्षिक मूल्यमापनात ठरावीक हिस्सा खालच्या श्रेणीत ढकलण्याची सक्ती असली म्हणजे कालपर्यंत एकमेकांच्या चुका निस्तरणारे सहकारी परस्परांपासून माहिती दडवू लागतात. कपात कधी अपरिहार्य असते, हे मान्य करूनही माझे ठाम मत असे की, ज्याच्या उपजीविकेवर, गृहकर्जावर आणि मुलांच्या शिक्षणावर हा हुकूम चालतो, त्याला, हुद्दा कोणताही असो, लेखी कारण मिळण्याचा व आपली बाजू मांडण्याचा हक्क असला पाहिजे, आणि दडपणाखाली घेतलेला राजीनामा कपात म्हणूनच गणला गेला पाहिजे.