मशिदीचे दार उघडा, पण मराठीतून

आंबोलीला पावसाळ्यात कोल्हापूर, बेळगाव, गोवा अशा तिन्ही बाजूंनी माणसे येतात. धबधब्याखाली भिजतात, भाजलेली कणसे खातात आणि परत निघण्याआधी हिरण्यकेशीच्या उगमावर जाऊन येतात. तिथे गुहेत देऊळ आहे. चपला कुठे काढायच्या, कुठवर जायचे, हे कोणाला विचारावे लागत नाही. आम्हीही तिथे जातो, आमच्या शाळेतली पोरेही जातात. हीच माणसे घाट उतरून सावंतवाडीत आली आणि रस्त्यात मशीद लागली, तर मात्र पायरीपाशी कोणी थांबत नाही. आत गेलेले चालते का, विचारायचे कोणाला, आत असते तरी काय, यातले काहीच त्यांना ठाऊक नसते. पिढ्यान्‌पिढ्या शेजार असून मशीद ही आपल्याच गावातली परकी वास्तू राहिली आहे.

आता उलट बाजू पाहा. सिंधुदुर्गातल्या मुसलमान पोराला दीड दिवसाचा गणपती कोणाकडे आणि पाच दिवसांचा कोणाकडे हे माहीत असते. आरतीची वेळ माहीत असते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ का वाहतात हे माहीत असते. त्याच्या हिंदू मित्राला आपल्याबद्दल काय माहीत असते? ईदचा शिरखुर्मा. त्यापुढे अंधार. या अंधाराचा दोष आपण वर्तमानपत्रांना देतो, सिनेमाला देतो, पुढाऱ्यांना देतो. त्यांचा वाटा आहे आणि तो मोठा आहे. पण उरलेला वाटा आपल्या हातातला आहे आणि आम्ही त्याच्याबद्दल बोलणार आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे : कोकणातल्या मशिदींनी शेजाऱ्यांना आत बोलवावे, त्यांच्याशी मराठीत बोलावे, आणि ज्या मराठीत पाहुण्यांशी बोलायचे तिच्यातच आधी आपल्या मुलाबाळांशी बोलावे.

ही कल्पना आमच्या डोक्यातून निघालेली नाही. जर्मनीत १९९७ पासून दरवर्षी ३ ऑक्टोबरला, म्हणजे त्यांच्या राष्ट्रीय ऐक्यदिनी, मशिदी सर्वांसाठी उघड्या ठेवल्या जातात. ब्रिटनमध्ये २०१५ पासून असा दिवस पाळला जाऊ लागला. महाराष्ट्रात 'मशीद परिचय' या नावाने काही शहरांत कार्यक्रम झाले. पुण्यात आझम कॅम्पसमधली मशीद २०१९ साली सर्व धर्मांच्या स्त्रीपुरुषांसाठी उघडण्यात आली. बंगळुरूच्या मोदी मशिदीने जानेवारी २०२० मध्ये तेच केले. लोक आले, वुजू कसा करतात ते पाहिले, नमाज पाहिली, प्रश्न विचारले आणि घरी गेले. आभाळ कोसळले नाही.

तरीही आपल्या मोहल्ल्यात हा विषय काढला की हरकती ठरलेल्या असतात.

पहिली हरकत पाकी-नापाकीची. परका माणूस मशिदीत कसा येईल? ही हरकत घेणाऱ्यांनी कृपा करून सीरतचे ग्रंथ उघडावेत. नजरानच्या ख्रिस्ती लोकांचे शिष्टमंडळ मदिनेला आले तेव्हा प्रेषित मुहंमद (स.) यांनी त्यांची भेट मस्जिदे नबवीतच घेतली, आणि त्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली तेव्हा त्यांना तिथेच ती करू दिली, अशी नोंद आहे. ताइफच्या सकीफ टोळीची माणसे इस्लाम स्वीकारण्याआधी आली, त्यांचा तंबू मशिदीच्या आवारात पडला. यमामाचा सरदार सुमामा बिन उसाल तर कैदी होता. त्याला मशिदीच्या खांबाला बांधून ठेवले होते. तीन दिवस त्याने तिथून नमाज पाहिली. सुटका झाल्यावर तो आपल्या पायांनी परत आला आणि मुसलमान झाला. आपण कोकणी मुसलमान शाफई आहोत. मक्केची मस्जिदे हराम वगळता इतर मशिदींत मुसलमानाच्या परवानगीने गैरमुस्लिम येऊ शकतो, हे शाफई मत आहे. हनफींचीही आडकाठी नाही. मालिकी मत कडक आहे, पण कोकणात मालिकी आहेत कुठे? मग आपण कोणाच्या फिकहवर दार लावून बसलो आहोत?

दुसरी हरकत जास्त वजनाची आहे आणि ती बहुधा शिकलेले तरुण घेतात. ते म्हणतात, आम्हीच का सफाई द्यायची? देवळाने कधी आपल्या निर्दोषपणाचा दाखला दिला आहे का? हा प्रश्न आम्हाला मान्य आहे. 'पाहा, आमच्याकडे शस्त्रे नाहीत, तळघर नाही' असे सांगण्यासाठी कोणाला मशिदीत बोलवायचे असेल तर बोलवू नका. तो परिचय नव्हे, ती जामिनासाठी केलेली विनवणी झाली. पाहुण्याला घरी बोलावणारा माणूस त्याला कपाटे उघडून दाखवत नाही. तो बसायला देतो, पाणी देतो, घरातली माणसे दाखवतो. मशिदीत तेवढेच करायचे आहे. आणि सफाई द्यायची नाही म्हणून गप्प बसायचे, तर आपल्याबद्दल बोलण्याचे काम आपण दुसऱ्यावर सोपवतो. दुसरा ते काम मन लावून करतो, हे २०२२ साली आपण पाहिले.

त्या वर्षी २ एप्रिलला शिवाजी पार्कवरच्या सभेत राज ठाकरे यांनी भोंग्यांचा प्रश्न काढला आणि पुढे ३ मेपर्यंतची मुदत दिली. महिनाभर अख्खा महाराष्ट्र अजानवर बोलत होता. डेसिबल किती, परवानगी कोणाची, न्यायालय काय म्हणाले, यावर चर्चा झडल्या. आवाजाचा कायदा सर्वांना सारखा असावा आणि आपणही तो पाळावा, यात वाद नाही. पण त्या महिनाभरात अजानमध्ये म्हणतात काय, हे सामान्य मराठी माणसाला कोणी सांगितले? आजही 'अल्लाहु अकबर' म्हणजे अकबर बादशहाचा जयजयकार असे समजणारी चांगली शिकलेली माणसे भेटतात. अकबराचा जन्म १५४२ चा. अजान त्याच्या नऊशे वर्षे आधीपासून दिली जाते. 'अकबर' म्हणजे सर्वांत मोठा, एवढेच. कोणी विचारतो, तुमचा देव बहिरा आहे का? अजान देवाला ऐकवायची नसतेच. ती माणसांना घातलेली हाक आहे : नमाजला या, कल्याणाकडे या. पहाटे तिच्यात एक वाक्य जास्त असते, की झोपेपेक्षा नमाज बरी. हे मराठीत सांगायला दोन मिनिटे पुरतात. दिवसातून पाच वेळा आपण हाक मारतो आणि तिचा अर्थ मात्र शेजाऱ्याला कधी सांगत नाही.

इथे आम्ही मुद्द्याच्या गाभ्यापाशी आलो. सांगायचे म्हटले तर सांगणार कोण आणि कोणत्या भाषेत?

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमची मुले हुशार आहेत. पण तालुक्याच्या स्पर्धेला गेल्यावर मराठी शाळेतला पोरगा सहज विचारतो, 'तुम्ही मशिदीत नेमके काय करता?' तेव्हा आमचा मुलगा म्हणतो, वुजू करतो, नीयत बांधतो, रकात पढतो, रुकू, सज्दा, सलाम. सगळे बरोबर आणि समोरच्याला सगळे परके. मुलाला नमाज येते, नमाजबद्दल बोलता येत नाही. घरी तो मालवणी वळणाची बोली बोलतो, शाळेत उर्दू, बाजारात मराठी. तीन भाषा तोंडात असून धर्मासाठी मराठी शब्द नाही, कारण मशिदीत त्याने तो कधी ऐकलेलाच नाही. फलक उर्दूत, बयान उर्दूत, खुतबा अरबीत. घरात उर्दू नसलेल्या म्हाताऱ्या कोकणी माणसाला त्या बयानातले किती कळते, हे त्याला एकदा विचारून पाहा. आपल्याच मशिदीत आपलीच माणसे पाहुण्यासारखी बसतात. खऱ्या पाहुण्याला मग आपण काय सांगणार?

बी.एड.ला शिकवले जाते की ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे. मशीद समजावून सांगायला हे सूत्र पुरेसे आहे. पाहुणा आत आला की पहिला प्रश्न विचारतो, देव कुठे आहे? त्याला मिहराब दाखवा. तो भिंतीतला कोनाडा आहे आणि रिकामा आहे. तो फक्त काबेची दिशा दाखवतो. तुम्ही मावळतीला का तोंड करता, असे तो विचारील. सांगा की मालवणहून मक्का पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकून आहे, म्हणून आपण समुद्राकडे तोंड करतो. लंडनचा मुसलमान आग्नेयेला वळतो, तुर्कस्तानातला दक्षिणेकडे. सूर्याशी त्याचा संबंध नाही. दिवसभरात फर्ज नमाजच्या सतरा रकाती होतात : पहाटे दोन, दुपारी चार, तिसऱ्या प्रहरी चार, सूर्यास्ताला तीन, रात्री चार. रकात म्हणजे उभे राहणे, वाकणे आणि कपाळ जमिनीला टेकणे यांचा एक फेरा. रांगेत खांद्याला खांदा लागतो, आणि आधी आलेल्या मजुराला उठवून मागून आलेल्या सावकाराला तिथे बसवता येत नाही. अरबी शब्द टाकून द्यायची गरज नाही. शब्द राहू द्या, शेजारी मराठी अर्थ ठेवा.

उर्दूच्या शिक्षकांनी मराठीची वकिली करावी, हे काहींना खटकेल. त्यांनी उर्दूचाच इतिहास आठवावा. उर्दू ही काही प्रेषितांची भाषा नव्हती. अठराव्या शतकात दिल्लीच्या शाह वलीउल्लाह यांनी कुरआनचा फारसी अनुवाद केला, त्यांच्या मुलांनी, शाह रफीउद्दीन आणि शाह अब्दुल कादिर यांनी, तो उर्दूत आणला. लोकांना कळावे म्हणून आणला. आज ज्या उर्दूला आपण धर्माची भाषा म्हणतो ती अशी अनुवाद करून करून धर्माची झाली. मराठीला ते का जमू नये? श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' सतराव्या शतकात मराठीत लिहिला. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. कुरआनची मराठी भाषांतरे छापून मिळतात. आपल्या कथेत, कवितेत, व्याख्यानात मराठी आली. मशिदीच्या पायरीशी येऊन मात्र ती चपला काढून बाहेरच उभी आहे.

फिकहची अडचण सांगू नका. खुतब्याचे आवश्यक भाग अरबीत असावेत ही शाफई अट आहे, ती पाळा. पण त्याआधीचे बयान हा खुतबा नव्हे. त्याला भाषेची अट कोणी घातली? केरळातले मुसलमान बहुतांश शाफईच आहेत. तिथल्या अनेक मशिदींत खुतबाच मल्याळममध्ये होतो. जे खुतबा अरबीतच हवा म्हणतात, तेही उपदेशाचे भाषण मल्याळममध्येच करतात. त्यांच्या इमानात त्यामुळे खोट आली, असे कोणी म्हणेल का?

आणखी एक गोष्ट बोललीच पाहिजे. परिचयाच्या दिवशी पाहुण्या बायका मशिदीत येतात, फिरून पाहतात, प्रश्न विचारतात. आणि आपल्या घरची बाई? ती त्याच पाहुण्यांसाठी घरी पदार्थ करत असते. जन्मभर ज्या मशिदीची अजान ऐकून तिने डोक्यावर पदर घेतला, ती मशीद तिने आतून पाहिलेली नसते. प्रेषितांच्या मशिदीत स्त्रिया नमाजला येत होत्या आणि त्यांना अडवू नये अशी ताकीदही त्यांनी दिली होती, हे हदीसच्या मान्य संग्रहांत आहे. २०१९ मध्ये पुण्यातील एका दांपत्याने स्त्रियांच्या मशीद प्रवेशासाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यावर २०२० मध्ये मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने प्रतिज्ञापत्रात सांगितले की स्त्रियांनी मशिदीत येऊन नमाज पढण्यास धर्माची मनाई नाही. धर्माची नाही, मग कोणाची आहे? सवयीची आहे, जागेच्या सबबीची आहे आणि पुरुषांच्या आळसाची आहे. शेजारणीला आत नेऊन दाखवायची जागा आईला बंद ठेवायची, हा पाहुणचार कसला?

म्हणून आमचा आग्रह मोठमोठ्या परिषदांचा नाही. मशिदीच्या दाराशी मराठी फलक लावा. त्यावर पाच नमाजांच्या वेळा, चपला कुठे काढायच्या आणि आत येण्यासाठी कोणाला विचारायचे, एवढे लिहा. अजान आणि नमाजचा अर्थ सांगणारे एक पान मराठीत छापून ठेवा. जुम्याचे बयान महिन्यातून एकदा तरी मराठीत होऊ द्या. वर्षातून एक दिवस शेजाऱ्यांना बोलवा, आणि माहिती सांगायला आपल्या शाळा-कॉलेजातल्या मुलामुलींना उभे करा. चार वेळा सांगितले की त्यांनाही आपला धर्म आपल्या शब्दांत बोलता येईल. आणि त्या दिवसापासून बायकांसाठी एक कोपरा कायमचा राखा, पाहुणे गेल्यावर तो परत घेऊ नका.

यातल्या एकाही गोष्टीला सरकारची परवानगी लागत नाही, फतवा लागत नाही, वर्गणीही फारशी लागत नाही. जमातीच्या पुढच्या बैठकीत कोणीतरी उभे राहून विषय काढावा लागेल. विरोध होईल. विरोध करणाऱ्याला एवढेच विचारा, की चाचा, काल अजान झाली तेव्हा शेजारच्या सावंतांच्या पोराने तुम्हाला तिचा अर्थ विचारला असता, तर तुम्ही त्याला मराठीत काय सांगितले असते?