दोष द्या, पण नेमका द्या

मोठं वादळ येऊन गेलं की आठ दिवसांच्या आत दोन वाक्यं कानावर पडतात. सत्तेतले म्हणतात, हे अस्मानी संकट आहे, यात राजकारण आणू नका. विरोधातले म्हणतात, अमक्याने राजीनामा द्यावा. आपण आपापल्या पक्षाप्रमाणे कुठल्यातरी एका वाक्याला मान डोलावतो आणि पंचनामे पुरे होईस्तोवर विषय मिटलेला असतो. माझं सांगणं एवढंच आहे, की ही दोन्ही वाक्यं आपल्या कामाची नाहीत. संकटानंतर दोष द्यायलाच हवा, तो आपला हक्क आहे. पण तो नेमका हवा. कोणतं काम होतं, कोणाकडे होतं, कधी व्हायला हवं होतं आणि का झालं नाही, इथपर्यंत तो गेला पाहिजे. तिथपर्यंत न गेलेला दोष पुढच्या वादळात एकाही माणसाला वाचवत नाही.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना हे चक्रीवादळ लुइझियाना राज्याच्या किनाऱ्यावर धडकलं आणि न्यू ऑर्लिन्स शहराचा सुमारे ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. आपल्याकडे मुंबईतल्या २६ जुलैच्या पुराला तेव्हा जेमतेम महिना झाला होता. या वादळात अठराशेहून अधिक माणसं गेली असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. अमेरिकेच्या चक्रीवादळ केंद्राने पुन्हा मोजदाद करून २०२३ साली हा आकडा १,३९२ केला. लुइझियानात मेलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे पंचाहत्तरी ओलांडलेले होते. हा तपशील लक्षात असू द्या, पुढे त्याचं काम आहे.

पाणी अजून उतरलंही नव्हतं, तोच दोन फोटो देशभर फिरू लागले. एकात राष्ट्राध्यक्ष बुश विमानाच्या खिडकीतून खाली बुडालेल्या शहराकडे पाहताहेत. ते सुट्टीवर होते, आणि वॉशिंग्टनला परतताना त्यांनी ३१ ऑगस्टला वरूनच शहर पाहिलं. दुसऱ्या फोटोत शाळेच्या पिवळ्या बसगाड्यांच्या रांगाच्या रांगा पाण्यात उभ्या आहेत. ज्यांच्याकडे स्वतःची गाडी नव्हती अशी सुमारे लाखभर माणसं शहरात होती. त्यांना बाहेर काढायला या बस वापरता आल्या असत्या. त्या वापरल्या गेल्या नाहीत. शहर रिकामं करण्याचा सक्तीचा हुकूम महापौर रे नेगिन यांनी दिला तो २८ तारखेच्या सकाळी, वादळाला चोवीस तासही उरले नसताना. बुश रिपब्लिकन, महापौर नेगिन आणि राज्याच्या गव्हर्नर कॅथलीन ब्लँको डेमोक्रॅट. त्यामुळे एका पक्षाच्या माणसांनी खिडकीचा फोटो धरला, दुसऱ्यांनी बसचा. फोटो दोन्ही खरे होते. पण आपल्या हातातला फोटो खरा असला म्हणजे समोरच्याचा खोटा ठरतो, अशी सगळ्यांची समजूत झाली.

केंद्राच्या आपत्ती यंत्रणेचे, म्हणजे फेमाचे, प्रमुख होते मायकेल ब्राउन. फेमात येण्याआधी ते अरबी घोड्यांच्या एका संघटनेत काम करत होते. शहराच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये हजारो माणसं अन्नपाण्यावाचून अडकली होती, टीव्हीवर ती साऱ्या देशाला दिसत होती, आणि ब्राउन यांनी १ सप्टेंबरला मुलाखतीत सांगितलं की आपल्याला हे आजच कळलं. दुसऱ्याच दिवशी बुश यांनी कॅमेऱ्यांसमोर त्यांच्या कामाची पाठ थोपटली. १२ सप्टेंबरला ब्राउन यांचा राजीनामा आला. १३ तारखेला बुश यांनी केंद्राच्या चुकांची जबाबदारी स्वीकारली, पाठोपाठ ब्लँको यांनीही राज्यापुरती ती घेतली. लोकांना वाटलं, चला, कोणीतरी गेलं, कोणीतरी मान खाली घातली.

ब्राउन यांनी पद सोडलं हे योग्यच झालं. पण ब्राउन यांनी शहर बुडवलं नव्हतं. शहर बुडालं ते भिंती पडल्या म्हणून.

हे जरा जवळून बघायला हवं. न्यू ऑर्लिन्सचा मोठा भाग समुद्रसपाटीपेक्षा खाली आहे. पावसाचं पाणी पंपाने कालव्यात टाकायचं आणि कालव्यातून ते उत्तरेच्या पॉन्चरट्रेन सरोवरात सोडायचं, अशी तिथली रचना. कालव्यांच्या दोन्ही काठांवर मातीचे बांध, बांधात खोल ठोकलेले पोलादी पत्रे, आणि पत्र्यांच्या डोक्यावर काँक्रीटची भिंत. वादळात सरोवर फुगलं, पाणी उलटं कालव्यांत शिरलं. सतराव्या रस्त्याच्या कालव्यात ते भिंतीच्या माथ्यापर्यंत पोचलंही नव्हतं. पाण्याच्या दाबाने भिंत जराशी बाहेर झुकली, भिंत आणि माती यांच्यात फट पडली, फटीत पाणी उतरलं आणि खालची मऊ माती भिंतीसकट सरकली. लंडन अव्हेन्यूच्या कालव्यावरही पाणी माथ्यावरून गेलं नव्हतं, तरी भिंती गेल्या. पत्रे जितके खोल हवे होते तितके ठोकलेच नव्हते. १९८०च्या दशकात केलेल्या एका चाचणीचा अर्थ चुकीचा लावला गेला आणि कमी खोलीवर भागेल असं ठरलं. कोकणातल्या वाचकाला हे चित्र नवं नाही. उधाणाच्या भरतीला खारबंदिस्तीला खांड गेली की शेतात खारं पाणी कसं शिरतं, ते त्याने पाहिलेलं असतं, आणि खांड पडते ती भरतीच्या दिवशी, पण तिचं कारण आधीच्या चार उन्हाळ्यांत असतं, हेही त्याला ठाऊक असतं.

या भिंती बांधल्या होत्या अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाने, म्हणजे आर्मी कोअरने. १९६५च्या बेट्सी वादळानंतर हाती घेतलेलं ते काम चाळीस वर्षांनीही पुरं झालेलं नव्हतं. या काळात दोन्ही पक्षांचे राष्ट्राध्यक्ष होऊन गेले. बांधांची देखभाल स्थानिक बांध-मंडळांकडे होती. त्यांच्या वार्षिक पाहण्या किती घाईत उरकल्या जात आणि मग जेवणाचा कार्यक्रम कसा होई, हे नंतर सिनेटच्या चौकशीत बाहेर आलं. जून २००६ मध्ये आर्मी कोअरने आपली रचना चुकली हे कबूल केलं. लोकांनी नुकसानभरपाईचे दावे केले, तर कालव्याच्या भिंतींबाबतचा दावा १९२८च्या एका कायद्यावर अडला. पूरनियंत्रणाच्या कामांसाठी केंद्र सरकारवर दावा चालत नाही असं त्यात लिहिलेलं आहे. न्यायाधीशांनी कोअरच्या कामावर कडक ताशेरे ओढले, पण दावा फेटाळावाच लागला. या भिंतींचा हिशेब कोणा एका बड्या माणसाच्या राजीनाम्याने चुकता झाला नसता, कारण तो चाळीस वर्षांचा, अनेक कार्यालयांचा होता. टीव्हीवरच्या भांडणात तो मावत नाही.

आणि हे सगळं अचानकही घडलं नव्हतं. जुलै २००४ मध्ये केंद्र, राज्य आणि स्थानिक अधिकाऱ्यांनी एकत्र बसून ‘पॅम’ नावाच्या काल्पनिक वादळाचा सराव केला होता. शहर बुडेल, गाडी नसलेली माणसं मागे राहतील, हे त्या सरावात निघालं होतं. पुढचं काम पैशाअभावी रखडलं. वर्षभराने तेच प्रत्यक्षात झालं. माहीत नव्हतं असं म्हणायला जागाच नव्हती.

‘सरकार नालायक आहे’ हे वाक्यही मी तुम्हाला टाकून द्यायला सांगेन. त्याच सरकारच्या तटरक्षक दलाने कॅटरिनात तेहतीस हजारांहून अधिक माणसं वाचवली. त्यांनी विमानं, हेलिकॉप्टरं, बोटी आधीच वादळाच्या वाटेतून बाजूला नेऊन ठेवल्या होत्या, आणि वारा पडताच वरच्या हुकमाची वाट न पाहता जागेवरच्या अधिकाऱ्यांनी काम सुरू केलं. राज्याच्या वन्यजीव आणि मत्स्य विभागाची माणसं बोटी घेऊन आली, त्यांच्याबरोबर गावोगावचे मच्छीमार आणि शिकारीही आपापल्या बोटी घेऊन उतरले. एक खातं सपशेल पडलं आणि दुसरं उभं राहिलं, यात शिकण्यासारखं खूप आहे. सगळ्यांना एकच शिवी घातली की ते शिकणं बंद होतं. आपल्याकडे ही शिवी बहुतेक वेळा गावात चिखल तुडवत फिरणाऱ्या तलाठ्याला किंवा ग्रामसेवकाला खावी लागते, कारण तेवढेच दोघे आपल्या हाताशी असतात. निर्णय ज्याने अडवला तो त्या वेळी जिल्ह्याच्या ठिकाणी नाहीतर मुंबईत असतो.

अफवांचं तर विशेष सांगायला हवं. सुपरडोम या स्टेडियममध्ये पंचवीस-तीस हजार माणसं आसऱ्याला होती. तिथे खून पडताहेत, अत्याचार चालू आहेत, अशा बातम्या सुटल्या, आणि खुद्द महापौर आणि पोलीसप्रमुखांनीही त्या टीव्हीवर सांगितल्या. नंतर हिशेब लागला तेव्हा तिथे सहा मृत्यू झाले होते, आणि त्यांत खून एकही नव्हता. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. ३१ ऑगस्टच्या रात्री महापौरांनी पोलिसांना माणसं वाचवण्याचं काम सोडून लूटमार रोखायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी नदीवरच्या पुलावरून पायी बाहेर पडू पाहणाऱ्या माणसांना, त्यांत बहुतेक काळे, पलीकडच्या ग्रेटना गावच्या पोलिसांनी बंदुका दाखवून परत पाठवलं. संकटात आपल्या मोबाइलवर आलेला व्हिडिओ पुढे ढकलताना हा पूल आठवा. ‘अमक्या वस्तीतले लोक मदतीचे ट्रक लुटताहेत’ हा निरोप आपण बघितल्याशिवाय पुढे पाठवला, तर त्या वस्तीत जाणारा पुढचा ट्रक थांबतो.

मग नेमका दोष दिल्याने काय होतं? न्यू ऑर्लिन्समध्ये ते सामान्य माणसांनी करून दाखवलं. सँडी रोझेनथाल नावाच्या बाईंनी वादळानंतर काही महिन्यांतच मुलाच्या मदतीने एक संघटना उभी केली आणि एकच मुद्दा धरून ठेवला: हे निव्वळ नैसर्गिक संकट नव्हे, भिंती चुकीच्या बांधल्या होत्या. त्या अभियंत्या नव्हत्या. दुसऱ्या एका नागरिक गटाने सह्या गोळा केल्या, की विखुरलेली आणि ओळखीपाळखीने भरलेली बांध-मंडळं मोडा आणि जाणकारांची मंडळं नेमा. २००६च्या सप्टेंबरमध्ये राज्यात त्यावर मतदान झालं आणि लोकांनी प्रचंड बहुमताने कौल दिला. नवी संरक्षक व्यवस्था सुमारे साडेचौदा अब्ज डॉलर खर्चून उभी राहिली. २९ ऑगस्ट २०२१ रोजी, बरोबर सोळा वर्षांनी, आयडा हे कॅटरिनाहून जोराच्या वाऱ्याचं वादळ त्याच किनाऱ्यावर आलं. वीज गेली, शेजारच्या भागांत हाल झाले, पण न्यू ऑर्लिन्सच्या भिंती टिकल्या.

आपल्याकडे कॅटरिनाच्या वर्षी काय झालं तेही पाहू. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढ्या पावसापुढे कोणतंही शहर हतबल झालं असतं, हे खरंच. पण मुंबईच्या पावसाळी गटारांची क्षमता तासाला पंचवीस मिलिमीटरवरून पन्नासवर नेण्याचा आराखडा, ब्रिमस्टोवॅड, १९९३ पासून तयार होता आणि बारा वर्षांत तो फारसा हललाच नव्हता. पुरानंतर नेमलेल्या चितळे समितीने मिठी नदीचं काय करून ठेवलं आहे ते तपशिलात मांडलं. चर्चा मात्र ‘प्लॅस्टिकच्या पिशव्या’ आणि ‘ढगफुटी’ यांवर जास्त झाली. आजही दर जूनमध्ये नालेसफाईच्या टक्क्यांवरून भांडण होतं. जुलै उलटला की ते थांबतं.

त्याच वर्षाने आपल्या हातात दोन कायदे दिले. १२ ऑक्टोबर २००५ पासून माहितीचा अधिकार पूर्णपणे लागू झाला, आणि डिसेंबरमध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. या दुसऱ्या कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आहे, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष त्याचे सहअध्यक्ष आहेत, आणि जिल्ह्याचा आपत्ती आराखडा करून तो दरवर्षी तपासून सुधारणं बंधनकारक आहे. आराखडा असतो. तो मागा. त्यातला आपल्या तालुक्याचा भाग वाचा. त्यात दिलेले फोन नंबर लावून बघा, कोणी उचलतं का ते. निवारा म्हणून ज्या शाळेचं नाव आहे तिच्या छपराकडे एकदा जाऊन पाहा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-मुरूडकडची घरांची छपरं आणि नारळी-पोफळीच्या बागा कशा गेल्या ते ज्यांनी भोगलं, त्यांना छपराचं महत्त्व मी सांगायला नको.

आणि लुइझियानात मेलेल्यांतले ते पंचाहत्तरीपुढचे आठवून आपल्या वाडीपुरती एक यादी आजच करा: एकटे राहणारे म्हातारे किती, अंथरुणाला खिळलेले किती, कोणाच्या घरी गुरं आहेत म्हणून ती माणसं घर सोडणार नाहीत. न्यू ऑर्लिन्समध्ये कुत्र्या-मांजरांना बरोबर नेता येईना म्हणून कितीतरी माणसं मागे राहिली, आणि त्यानंतर प्राण्यांचा विचार योजनेत करावा असा कायदा तिथे करावा लागला. मुलं मुंबईत आणि आईवडील गावी, अशी घरं कोकणात दर आळीत आहेत. त्यांना उचलून निवाऱ्यात कोण नेणार, हे नावानिशी ठरलेलं हवं. हे काम सरकारचं आहे यात शंका नाही. पण यादी हातात असली, तरच आपण विचारू शकतो की ही सात माणसं तुमच्या योजनेत कुठे आहेत.

ज्या पक्षाला तुम्ही मत देता त्या पक्षाच्या माणसाला हे आधी विचारा. विरोधकाला विचारणं सोपं असतं आणि तो उत्तर द्यायला बांधीलही नसतो. आपल्या मताची ज्याला गरज आहे त्याला आपला प्रश्न टाळता येत नाही.

पाऊस नसताना विचारा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला जा, शहरात असाल तर नगरसेवकाला गाठा, आणि एकच प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा: आपला बांध, आपला नाला, आपली दरड शेवटची कोणी तपासली, कोणत्या तारखेला, आणि त्याने काय लिहून ठेवलं आहे? उत्तर मिळालं नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर देणं त्यांना भाग आहे, म्हणजे मार्च संपायच्या आत कागद तुमच्या हातात असेल आणि पावसाळ्याला दोन महिने उरलेले असतील.