पहिल्या वाक्याची उचल

हल्लीं होतकरू कथालेखकांस जो तो एकच उपदेश करीत असतो: पहिल्या वाक्यांतच वाचकाची मानगूट धरा. परिणाम असा झाला आहे कीं, कथा उघडावी तों पहिल्याच ओळींत कोणी तरी किंकाळी फोडतें, दारावर थाप पडते, अथवा फरशीवर रक्ताचा थेंब दिसतो. आणि चौथ्या परिच्छेदांत पाहावें तों सासूसुनेच्या कुरबुरीखेरीज हातीं कांहीं लागत नाहीं. किंकाळी मांजर पाहून फोडलेली असते! ह्यास आकर्षक आरंभ म्हणण्याचें आम्ही साफ नाकारतों. ही वाचकाच्या कुतूहलाची उचल आहे, आणि ती फेडण्याची दानत घेणारापाशीं नाहीं.

जुन्या पद्धतीचा आम्हांस पुळका आहे, असें मात्र कोणी समजूं नये. सूर्योदय, उपवन आणि मंद वायु यांत दोनचार पानें खर्चून मग कोठें नायकास घराबाहेर काढण्याची चाल मोडली, हें उत्तमच झालें. पण तो रोग गेला म्हणून हा रोग आरोग्य ठरत नाहीं.

वाचकास ओढणारा आरंभ कसा असतो, हें 'पंचतंत्रा'त पाहावें. राजा अमरशक्तीचे तिन्ही पुत्र मूढ. ऐंशी वर्षांचा विष्णुशर्मा शंभर गांवांचें इनाम नाकारतो, आणि सहा महिन्यांत ह्या मुलांस नीतिशास्त्र आलें नाहीं तर आपलें नांव टाकीन, अशी प्रतिज्ञा करतो. आरडाओरड नाहीं, रक्तपात नाहीं. पण म्हातार्‍यानें नांव पणास लावलें, मुदत ठरली, आणि मुलगे तर दगड. आतां मध्येंच उठेल कोण? शिवाय पुढची प्रत्येक गोष्ट म्हणजे त्या प्रतिज्ञेचीच फेड आहे.

हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी १८९० सालीं 'करमणुकी'त येऊं लागली. तिची नायिका यमू आपली हकीकत बाळपणापासून, घरांतल्या साध्या आठवणींपासून सांगते. आजच्या उपदेशकांनीं तिच्या केशवपनाचा प्रसंग ओढून पहिल्या पानावर आणला असता, आणि जिची अजून ओळखही झालेली नाहीं अशा मुलीसाठीं आम्हीं अश्रू ढाळावे, अशी अपेक्षा केली असती!

ह्या मंडळींस अमेरिकन लेखक पो याचा मोठा आधार वाटतो. हॉथॉर्नच्या कथांचें परीक्षण करितांना १८४२ सालीं त्यानें म्हटलें खरें कीं, पहिलें वाक्यच इष्ट परिणामाकडे नेत नसेल, तर लेखक पहिल्या पावलासच चुकला. परंतु हा दाखला आमच्या बाजूचा आहे. परिणाम सबंध कथेचा. वाक्य त्याचें चाकर. काफ्काच्या १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'रूपांतर' ह्या कथेंत ग्रेगोर पहिल्याच वाक्यांत किडा होऊन जागा होतो. याहून मोठा धक्का कोणता? पण काफ्का तो मागें घेत नाहीं. तें स्वप्न ठरत नाहीं. ग्रेगोर मरेपर्यंत किडाच राहतो, आणि कचेरी, बाप, बहीण, सर्वांनाच त्या एका वाक्याला तोंड द्यावें लागतें.

वाचकास आतां धीर उरला नाहीं, ही सबब आम्हांस नेहमीं ऐकविण्यांत येते. धीर उरेल कसा? 'लांडगा आला' म्हणून त्याला इतक्यांदा धांवविलें आहे कीं, खरा लांडगा घेऊन येणार्‍या लेखकाचीही तो आतां वाट पाहत नाहीं. कथास्पर्धांच्या परीक्षकांस आमची एवढीच विनंती आहे: शेवटचें पान संपल्यावर पहिला परिच्छेद पुन्हां वाचावा, आणि मगच गुण द्यावे. आरंभीं किंकाळी असेल, तर त्या मांजराचें पुढें काय झालें, हेंही लेखकास विचारावें.