खाडाखोड

बरेच दिवस इकडे फिरकलो नाही. गुडघे आणि पाऊस, दोन्ही कारणे खरी आहेत.

आजचा विषय वाचून पुण्याची ताई म्हणेल, दादाला आता कस्टम्समध्ये काय करायचे आहे? पण विषय दारात चालून आला. माझा एक जुना विद्यार्थी आमच्या तालुक्यात काजूचा कारखाना चालवतो. आपल्या बागांतली बी वर्षभर पुरत नाही, म्हणून आफ्रिकेतून कच्ची बी मागवावी लागते. जहाज लागायच्या आधी बिल ऑफ एन्ट्री भरायचे, म्हणजे काय माल आला, किती, कितीचा, याचे निवेदन. ते आता कागदावर नसते, आइसगेट नावाच्या सरकारी संकेतस्थळावर भरतात. २०११ पासून शुल्काची आकारणीही आयातदारानेच करायची असते.

२०१९ साली याचे सहा कंटेनर आले. विकणाऱ्याच्या बिलात जहाजाचे भाडे आणि विमा धरलेला होता. एजंटाकडच्या पोराने घाईत चुकीचा पर्याय निवडला, म्हणजे भाडे-विमा धरलेला नाही असा. भाड्याचा आकडा नसेल तर नियमाप्रमाणे मालाच्या किमतीवर २० टक्के भाडे आणि १.१२५ टक्के विमा चढतो. शंभराचा माल झाला एकशे एकवीसचा, आणि शुल्कही त्यावर. माल सुटला, लॉरीत चढला, भाजलासुद्धा. चूक सापडली ती हिशेब लिहिताना.

माल सुटायच्या आधी सापडली असती तर ऑनलाइन दुरुस्तीचा अर्ज टाकता आला असता. सुटल्यानंतर मात्र हा खेटे घालत बसला. कायद्यात वाट नव्हती असे नाही. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचे १४९ वे कलम दुरुस्तीला परवानगी देते, अट एवढीच की पुरावा माल सुटला त्या वेळी अस्तित्वात असलेला हवा. याच्याकडे मूळ बिल होते. तरी उत्तर मिळाले की अपिलात जा. मला म्हणाला, "गुरुजी, चूक माझीच, मी कबूल करतंय. पण माका ती सुधारूक कोण देणा नाय."

हे वाक्य मला लागले. कारण सांगतो.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत जून महिन्यात प्रवेशाच्या गर्दीत मी कारकुनाच्या मदतीला बसत असे. एका रापणकराच्या मुलाची जन्मतारीख जनरल रजिस्टरमध्ये उतरवताना मी सालातला एक आकडा चुकवला. मुलगा दोन वर्षांनी मोठा झाला. कुणाच्या लक्षात आले नाही. दहावी होऊन तो नौदलाच्या भरतीला गेला, तेव्हा वय जास्त भरले. बाप ग्रामपंचायतीचा जन्मदाखला घेऊन आला. दाखला खरा, माझे अक्षरही ओळखू येत होते. पण मुलगा शाळा सोडून गेलेला, आणि त्यानंतर रजिस्टरला हात लावणे म्हणजे महापातक. मी लेखी दिले की चूक माझी आहे. अर्ज वर गेले, शेरे मारून खाली आले. तोवर भरती संपली.

तेव्हापासून माझे मत पक्के आहे. मुलगा शाळेत आहे की नाही, माल बंदरात आहे की नाही, हा प्रश्न चुकीचा आहे. विचारायचे ते हे, की खरे काय होते ते सांगणारा त्या वेळचा कागद आहे का?

अधिकाऱ्यांची बाजू मला कळते. मुद्दाम कमी किंमत लिहायची आणि पकडले की "टायपिंगची चूक" म्हणायचे, असे लोकही असतात. मीही चाळीस वर्षे पोरांच्या सबबी ऐकल्या आहेत! पण म्हणून रजिस्टरला कुलूप लावायचे नसते. चुकीवर एकच रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे, बाजूला खरे लिहून सही करायची. व्हाइटनर लावणाऱ्यावर संशय घ्यावा, रेघ मारून सही करणाऱ्यावर घेऊ नये. संगणकात तर हे जास्त सोपे, जुनी नोंद मागे तशीच राहू शकते.

२०१९ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने आयटीसीच्या प्रकरणात सांगितले की आकारणी बदलून घेतल्याशिवाय परतावा मागता येणार नाही. झाले, सगळे म्हणू लागले अपील करा. मग जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डायमेन्शन डेटा कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केले की अशी दुरुस्ती १४९ व्या कलमाखालीही होऊ शकते. आमच्या काजूवाल्याने तोवर नाद सोडला होता. लाखाच्या वर रक्कम, आणि बी विकत घ्यायच्या दिवसांत लाख रुपये हातात असणे म्हणजे काय ते छोट्या कारखानदाराला विचारा.

२०२५ च्या वित्त कायद्याने १८ अ हे नवे कलम आले आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून ते लागू झाले. माल सुटल्यावरही आयातदाराने आपण होऊन नोंद सुधारायची, कमी भरले असेल तर भरायचे, जास्त भरले असेल तर तोच अर्ज परताव्याचा धरायचा. तपासणी किंवा झडती सुरू झाल्याचे कळवल्यावर मात्र ही सवलत नाही. तेही योग्यच, मास्तर वही तपासायला लागल्यावर उत्तर बदलायचे नसते. फक्त आता समोरच्या खुर्चीतल्या माणसाने प्रत्येक सुधारणेकडे चोर म्हणून बघू नये, नाहीतर लोक चुका सांगायच्याऐवजी दडवतील. ठाण्याचा भाचा याच धंद्यात आहे. बाळा, नव्या कलमाचा तुझा अनुभव खाली लिही, मी काजूवाल्याला वाचून दाखवीन.

रापणकराचा तो मुलगा आता साठीला टेकला, स्वतःचा ट्रॉलर आहे. बंदरावर भेटला की हमखास विचारतो, "गुरुजी, माझा वय खरा किती?"