आपलें वळण

गेल्या रविवारीं डोंबिवलीहून माझा भाचा आला. तो मुंबईंतील एका जाहिरात-कचेरींत ग्राफिक डिझायनर आहे. पुस्तकांचीं वेष्टनें, मालाचे खोके, फलक यांची आखणी करावयाची, अक्षर आणि चित्र यांचा मेळ घालावयाचा, हा त्याचा धंदा. नवी जागा शोधावी म्हणून निवडक नमुने एका वहींत लावून तो ठिकठिकाणीं दाखवीत होता. एका ठिकाणीं पाहणाऱ्या गृहस्थांनीं वही मिटली आणि एवढेंच विचारलें, "काम स्वच्छ आहे, पण यांत तुमचें कोणतें?" या प्रश्नाला त्याला उत्तर देतां आलें नाहीं. "मामा, मला स्वतःची शैलीच नाहीं. हें सोडून बँकेच्या परीक्षांना बसावें म्हणतों," असें तो खालीं मान घालून म्हणाला. त्याच्या वडिलांचा तर प्रथमपासून तोच आग्रह होता.

मीं वही चाळली. एका पानावर जपानी थाट, दुसऱ्यावर स्विस मांडणी, तिसऱ्यावर गेल्या वर्षीं इंटरनेटवर गाजलेली रंगसंगति. सगळें बिनचूक, पण तीस पानें तीस माणसांनीं केलेलीं वाटावीं! वहीच्या मागील खिशांत मात्र एक घडी घातलेला कागद सांपडला. डोंबिवलीस १९९९ सालापासून गुढीपाडव्याला नववर्ष स्वागतयात्रा निघते. तींतील एका चित्ररथासाठीं, शेजाऱ्यांच्या भिडेखातर, यानें एका रात्रींत केलेला तो फलक होता. जाड, किंचित् तिरपीं अक्षरें. शब्द संपल्यावरहि थोडी पुढें धांवणारी शिरोरेघ. तांबडा आणि काळा असे दोनच रंग. आणि भोंवतीं ऐसपैस मोकळी जागा.

"हा वहींत कां लावला नाहींस?"

"घाईंत केला, मामा. समोर ठेवायला एकहि नमुना नव्हता."

माझ्या मतें, ज्याचा शोध करीत तो हिंडत होता, तें याच वाक्यांत होतें.

आपल्या भाषेंत कित्ता आणि वळण असे दोन सुंदर शब्द आहेत. कित्ता दुसऱ्याचा असतो. वळण आपलें असतें. पूर्वीं पंतोजी एकच कित्ता घालून देत, तरी तो गिरविलेल्या दोन सख्ख्या भावांचें अक्षर सारखें होत नसे. समर्थांनींहि दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला आहे, आणि ग्रंथ आरंभापासून अखेरपर्यंत एकाच टांकानें लिहिल्यासारखा दिसावा, अशी अपेक्षा केली आहे. हा एकजिनसीपणा नित्य अभ्यासानें येतो. तेव्हां कित्ता गिरविण्यांत कमीपणा नाहीं; तो जन्मभर समोरून न हलविण्यांत आहे.

मीं माळ्यावरची पेटी काढून जुने दिवाळी अंक त्याच्यापुढें टाकले. दीनानाथ दलाल १९१६ सालीं जन्मले, रघुवीर मुळगांवकर १९१८ सालीं. दोघेहि मूळचे गोमंतकांतील. दोघांचें क्षेत्र एक, वाचक एक, पुष्कळदां मुखपृष्ठावरील विषयहि एकच. तरी जाणता वाचक सही पाहण्याआधींच हें चित्र कोणाचें तें सांगे.

"पण हे चित्रकार," भाचा म्हणाला. "आमचें काम गिऱ्हाइकाचें. त्यांत माझें वळण कोणाला हवें?"

शंका रास्त होती. तिचें उत्तर ठाण्याच्या अलीकडच्याच स्टेशनावर, मुलुंडास, राहत असे. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनीं असंख्य मराठी नाटकांचीं नांवें अक्षरांत घडविलीं. 'मत्स्यगंधा' (१९६४) हें पौराणिक संगीत नाटक, 'वस्त्रहरण' (१९८०) हें मालवणी प्रहसन. प्रत्येक नाटकाला त्यांनीं त्याच्या स्वभावाचें अक्षर दिलें. एकाचा अंगरखा दुसऱ्याला चढविला नाहीं. तरीहि वर्तमानपत्रांतील जाहिरातींच्या गर्दींत 'हें शेडग्यांचें' असें ओळखूं येई. आकार बदलत, शब्दाचा अर्थ आकारांत पाहणारी नजर बदलत नसे. शैली म्हणजे ठराविक वेलबुट्टी नव्हे. ती ही नजर होय.

मग आम्हीं त्याचें सारें काम जमिनीवर मांडलें आणि नमुन्यावांचून केलेलें तेवढें बाजूला काढलें. तीं अवघीं सहा कामें निघालीं. पण सहांतहि तीच मोकळी जागा, तेच मोजके रंग, तीच पुढें धांवणारी रेघ. पुन्हां पुन्हां येतें तें वळण कीं नुसती खोड, हें मात्र पारखलें पाहिजे. त्याची कसोटी सोपी आहे: त्यानें मजकूर वाचणाऱ्याची सोय होते, कीं करणाऱ्याची? सहांपैकीं दोन कामें या कसोटीला उतरलीं नाहींत, हेंहि त्यानें स्वतःच सांगितलें.

विश्वास ठेवणें याहून अवघड. गिऱ्हाईक एखादा कागद नाकारतें, तेव्हां तो कागद नाकारलेला असतो, हात नव्हे. आज सांगाल त्या शैलींत चित्र काढून देणारीं यंत्रें घरोघरीं आलीं आहेत. अशा काळांत तीस परक्या पद्धती हुबेहूब वठविणाऱ्याची किंमत उतरणार, आणि स्वतःच्या नजरेनें पाहणाऱ्याची टिकण्याचा संभव अधिक. मात्र सांपडलेल्या वळणाचाच पुढें कित्ता करूं नये. स्वतःची नक्कल हीहि नक्कलच.

आईबापांनाहि एक सांगावेंसें वाटतें. बँकेची नोकरी वाईट नाहीं; पण एका प्रश्नाला उत्तर सुचलें नाहीं म्हणून मुलानें धंदा बदलूं नये. उत्तर शोधण्यास त्याला वर्षभराची सवड द्यावी.

संध्याकाळच्या लोकलनें भाचा परत गेला. जाण्यापूर्वीं त्यानें वहींतील बावीस पानें काढून टाकलीं आणि तो घडीचा कागद सरळ करून प्रथम लावला. पुढील आठवड्यांत त्याला दुसरीकडे बोलावणें आहे. जागा मिळेल कीं नाहीं, कोण सांगणार? पण 'यांत तुमचें कोणतें?' असें कोणी विचारल्यास तो आतां पहिल्याच पानावर बोट ठेवील.